पिवळेपणा जाईपर्यंत

"अहो, मान वर करू की खाली? एकदा काय ते ठरवा, मानेचा काटा ढिला व्हायची वेळ आली."

"वर. नको, खाली. थांब, आहे तशीच राहा."

"आहे तशी म्हणजे वर की खाली?"

भर दुपारी साडेबाराला, तळ्याकाठच्या उघड्या फरशीवर मास्तर बायकोचा फोटो काढत होते आणि त्यांना काही म्हणजे काही सुधरत नव्हतं. उजेड जास्त तेवढा फोटो चांगला, एवढी साधी गोष्ट. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हेही पाठ होतं आणि तो तसा घेतलाही होता. तरी फोनवर उमटलेल्या बाईचे डोळे मिटलेले, नाकाखाली सावलीची काळी मिशी आणि कपाळावर ही एवढी आठी.

बायकोने फोन हातात घेऊन पाहिला. "ही कोण भांडकुदळ म्हातारी?"

"ऊन डोळ्यांवर येतंय ना, म्हणून."

"मग उन्हात कशाला उभी केलीत?"

मास्तरांनी फोनची काच सदऱ्याला पुसली. खरं तर मास्तर ही पदवी त्यांना फोटोंनीच मिळवून दिली होती. रोल धुऊन छापून देणाऱ्या लॅबमध्ये ते एकतीस वर्षं मशीनवर होते. एकेक फोटो डोळ्यांसमोरून जायचा आणि यांची बोटं बटणांवर. लाल जास्त झालं, काढ. हिरवं दिसतंय, काढ. पण सगळ्यात जास्त वेळा काढलं ते पिवळं. सहलीहून आलेल्या रोलमध्ये संध्याकाळचे फोटो हटकून पिवळे असायचे आणि गिऱ्हाईक तावातावाने यायचं, "आमच्या मुलीला काय कावीळ झालीय?" मास्तर दोन वेळा बटण दाबायचे, मुलगी गोरीगोमटी. जगाच्या सहली त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या. स्वतः मात्र बायकोला घेऊन कुठे गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता लॅबच बंद पडली.

आता या तळ्यावर आले होते तेही दोनच दिवसांसाठी. मंगळवारी बायकोचं ऑपरेशन होतं. डाव्या जबड्यात गाठ होती, हाड काढावं लागणार होतं. डॉक्टर भला माणूस, त्याने काही लपवलं नाही. गाल आत जाईल म्हणाला, तोंड एका बाजूला ओढलं जाईल. कागदावर चित्र काढूनही दाखवलं. घरी येऊन तिने तो कागद घडी करून ठेवला. मग म्हणाली, "माझा एक फोटो काढा. आहे हा चेहरा जायच्या आधीचा. स्टुडिओत नको, तिथे सगळे ओळखपत्रासारखे दिसतात. बाहेर कुठेतरी, मोकळ्यावर. आणि तुम्हीच काढा."

तुम्हीच काढा म्हणाली आणि मास्तरांची झोप उडाली. दुसऱ्यांच्या फोटोंतल्या चुका काढणं वेगळं. हातात कॅमेरा असा त्यांनी कधी धरलाच नव्हता.

शेवटी त्यांनी भाचीला फोन लावला. ती हौशी, सदानकदा कुठेतरी फिरायला जाऊन फोटो काढणारी. ती ओरडलीच. "मामा! बारा वाजता कोणी फोटो काढतं का? उन्हं उतरू देत. मामीला उन्हाकडे तोंड करून बसवू नका, उजेड बाजूने येऊ द्या. अगदीच घाई असेल तर सावलीत काढा. पण झाडाखाली नको हं, ठिपके पडतात."

मास्तरांनी हे सगळं बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं आणि तरीही बायकोला नेऊन बसवलं ते झाडाखालीच. सावली म्हटल्यावर झाडच आठवतं, माणूस काय करेल! फोटोत बायकोला गोवर उठला होता. मग ते विश्रामगृहाच्या भिंतीच्या सावलीत गेले. तिथला फोटो वाईट नव्हता, पण मास्तरांच्या डोळ्याला त्यात निळं दिसायला लागलं. "आजारी वाटतेस," ते म्हणाले आणि जीभ चावली.

"आजारीच आहे मी," बायको म्हणाली. "चला, चहा पिऊ."

संध्याकाळी तिने साडी बदलली, केस पुन्हा विंचरले. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस होती आणि घरी पोचलं की लगेच दवाखान्यात भरती. तेव्हा जे काही व्हायचं ते आत्ताच, हे दोघांनाही माहीत होतं. बांधाच्या कठड्यावर ती बसली. सूर्य तळ्यापलीकडे खाली आला होता, उजेड तिच्या डाव्या बाजूने येत होता. तिकिटामागे लिहिलेलं सगळं तंतोतंत जुळलं होतं.

मास्तरांनी फोन वर केला आणि त्यांचा अंगठा थांबला.

चेहरा पिवळा होता. साधासुधा नव्हे, पिवळाधमक. कपाळ, गाल, गळा, सगळं. एकतीस वर्षांचं बोट बटण शोधायला लागलं आणि बटण तर कुठेच नव्हतं. भाची म्हणते हाच उजेड चांगला. मग ते तावातावाने येणारे सगळे काय वेडे होते? का भाचीला कळत नाही? जन्माचा एकच फोटो, आणि त्यात बायको काविळीची दिसायची!

"थांब जरा," ते म्हणाले. "हा पिवळेपणा जाऊ दे."

"थांबते," ती म्हणाली. जबडा ठणकत असणार, पण तिने चेहरा हलू दिला नाही. ओठांवर थोडंसं हसू धरून ती बसून राहिली. मास्तर फोन धरून पाहत राहिले. पिवळं लालसर झालं. तेही त्यांना पटेना. मग ते फिकट झालं आणि मास्तर म्हणाले, "आता," आणि तेवढ्यात चेहराच दिसेनासा झाला. सूर्य गेला होता. फोनमध्ये नुसता एक करडा आकार उरला.

"झाला का?" तिने विचारलं.

खोटं बोलावं असं त्यांच्या मनात आलं. पण ती लगेच दाखवा म्हणणार. "नाही," ते म्हणाले. "नाही काढला."

"एकही?"

"पिवळं होतं गं सगळं."

तिने ओठांवर धरलेलं हसू सोडून दिलं. मग म्हणाली, "अर्धा तास बसले मी. मला राग आलाय."

"येणारच. घरी खिडकीशी बसवून काढतो. नाहीतर दवाखान्यात, सकाळच्या उजेडात..."

"नको. आता परत अशी बसायची नाही मी. संपलं माझं."

मास्तर कठड्यावर तिच्या शेजारी बसले आणि त्यांना रडू फुटलं. पुसायला रुमालही सापडेना. तिने पदर पुढे केला.

"तुम्ही बघत तर होतात ना मला?" तिने विचारलं.

"सारखा."

"मग काय दिसलं ते सांगा."

मास्तर गोंधळले. फोटोत काय बिघडलंय ते सांगायची सवय, काय आहे ते सांगायची कुठली! "भांगाजवळ तीन-चार केस उडत होते," ते चाचरत म्हणाले. "त्यांतून आरपार उजेड येत होता. कानाची पाळी लाल झाली होती, आत दिवा लावल्यासारखी. आणि डाव्या गालावर लव आहे तुझ्या. बारीक. मला माहीतच नव्हतं."

"पस्तीस वर्षांनी कळलं?"

"हो."

"पुढे सांगा."

ते सांगत राहिले. कुठे अडले की ती म्हणायची, हनुवटी राहिली. हनुवटी झाली की भुवया.

ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाला. अकराव्या दिवसापर्यंत तिच्या डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या होत्या आणि बोलायची मनाई होती. उशाशी वही आणि पेन. पाणी, नर्स, पंखा बंद करा, एवढंच ती त्यात लिहायची. बाराव्या सकाळी नर्सने पट्टी काढली, जखम पुसली आणि विचारलं, "आरसा आणू का?" तिने मान हलवली. नको. वही ओढून घेतली, एकच शब्द लिहिला आणि मास्तरांकडे वळवली.

सांगा.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. नवी पट्टी हातात घेऊन नर्स दाराशी थांबली. त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि भांगापासून सुरुवात केली.