पंपाला पाजलेलं एरंडेल

मला दोष देऊ नका असं मी म्हणणार नाही. द्या, खुशाल द्या. फक्त आधी सगळं ऐकून घ्या.

मी जयमाला. तळेगावच्या एमआयडीसीत विमानाच्या इंजिनाचं तेल बाटल्यांत भरणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे भरणी लाइनची सुपरवायझर. बारा वर्षं झाली. लोक म्हणतात, तेलात काय एवढं, तेल ते तेलच! असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पहिल्याच दिवशी थोरल्या साहेबांनी, म्हणजे आताचे मालक निरंजन सर यांच्या वडिलांनी, आम्हाला बसवून सांगितलं होतं. पहिल्या महायुद्धात विमानाच्या इंजिनात चक्क एरंडेल घालायचे. इंजिन ते मागे फवारायचं, वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं, आणि तो बिचारा शत्रूच्या आधी स्वतःच्या पोटाशी लढायचा. आम्ही बायका हसून हसून बेजार. मग साहेब गंभीर झाले. एरंडेल तापलं की डिंकासारखं चिकटतं, म्हणून पुढे खनिज तेल आलं, आणि जेट विमानं आली तेव्हा कारखान्यात बनवलेली कृत्रिम तेलं. पण एरंडेल आणि खनिज तेल एकमेकांत मिसळत नाहीत. "हे विसरलात तर कुणाचं तरी लेकरू जाईल," म्हणाले. थोरले साहेब गेले, पण ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी नमुन्यांच्या कपाटापाशी होते. प्रत्येक भरणीची पहिली बाटली आम्ही काचेत राखून ठेवतो. सुट्टीनंतरच्या भरणीची बाटली उचलून उजेडात धरली. आमच्या खनिज तेलात मधोमध रेघ! वर पातळ, खाली घट्ट थर. झाकण काढून वास घेतला. लहानपणी आई नाक दाबून पाजायची, तोच वास.

धावत लाइनवर गेले. तिथे धोंडीबा पंप पुसत होता. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याच्या घराण्याची. जमीन विकली आणि तो तिथेच हेल्पर म्हणून लागला.

"धोंडीबा, पंपात काय घातलंत?"

"म्या? खंडेनवमीला पूजा केली न्हाई का? पंप लई करकरत व्हता. सणाला यंत्र कोरडं ठिवू न्हाई बाई. घरचं एरंडेल पाजलं, पाच लिटर. मळ्यावरच्या इंजिनाला बी आमी तसंच करतो." आणि हसून म्हणाला, "आता बघा, आवाज हाय का?"

त्याने पदरचं तेल घातलं होतं, मायेनं. सुट्टीनंतर लाइन सुरू करताना वीस लिटर साधं तेल फिरवून पंप धुवायचा असतो. ते माझं काम. सुट्टीच्या आधी हेच तेल भरलं होतं, मग परत धुवायचं कशाला, म्हणून मी न धुता चेकलिस्टवर 'धुतलं' अशी खूण केली आणि खाली सही ठोकली. दरवर्षी अशीच करते. या भरणीच्या पहिल्या बारा बाटल्या भरल्या त्याच दिवशी वैमानिक शिकवणाऱ्या एका शाळेत गेल्या होत्या.

शाळेचा नंबर चलनावर होता. फोन हातात होता. पण आमच्याकडे नियम आहे, गिऱ्हाइकाशी फक्त सरांनी बोलायचं. म्हणून मी सरांना लावला. उचलला नाही. परत लावला, परत लावला. गेटपाशी येरझाऱ्या घालत बसले, मूर्खासारखी! सर आले पावणेदहाला.

बाटली पाहून त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "आधी हा नमुना बदला. शाळेला मी दुपारी फोन करतो. काहीतरी कारण सांगून माल परत मागवू."

"दुपारी? अहो सर, विमानं सकाळची उडतात!"

"जयमालाताई, आवाज खाली. चेकलिस्टवर सही कुणाची आहे? मला बोलायला लावू नका."

खरं सांगते, मी आवाज खाली केला. माझी नोकरी, धोंडीबाची नोकरी, पोलीस, सगळं डोळ्यांपुढे आलं. हात जोडले, रडले, "सर, एक फोन करू द्या" म्हणून विनवण्या केल्या. ते मान हलवत राहिले. शेवटी भिंतीवरचं घड्याळ दहा वाजलेलं दिसलं आणि काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांच्या समोरच नंबर फिरवला.

शाळेतल्या अजिंक्य नावाच्या इंजिनियरने उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं.

"अहो, काल संध्याकाळीच एका विमानात घातलंय ते," तो ओरडला. "वर्षाली घेऊन गेलीय. शिकतेय अजून, एकटी आहे ती! थांबा, फोन ठेवू नका."

पावलं धावली. लांबून रेडिओची खरखर आणि त्याचा आवाज येत होता, "वर्षाली, परत फिर. वर्षाली, ऐकतेस का?" एकदा एका पोरीचा आवाज आला. ऑइलचा काटा खाली जातोय, म्हणत होती. रडत नव्हती. मीच रडत होते. देवा, उतरू दे तिला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं मोठ्याने म्हणत होते, आणि निरंजन सर खुर्चीत डोकं धरून बसले होते. मग रेडिओ बंद पडला. कितीतरी वेळ नुसती माणसांची पळापळ ऐकू येत होती.

अजिंक्य परत फोनवर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"इंजिन हवेत बंद पडलं. बाजरी काढलेल्या रानात उतरवलं तिने, पण विमान उलटलं. गावातल्या लोकांनी बाहेर काढलीय. जिवंत आहे. पाय हलत नाहीत म्हणते. कमरेखाली काही कळतच नाही म्हणते."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ताई, एक सांगा. तुम्हाला हे कधी कळलं?"

सरांनी मान वर केली. हाताने खूण केली, आत्ताच, आत्ताच म्हणा.

"सव्वानऊला," मी म्हणाले.

तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ती नऊ चाळीसला उडाली," तो म्हणाला.