दहा हजार पिशव्या

आमच्या नर्सरीत एक रीत आहे. बी काढायच्या दिवशी माणसं पोती घेऊन झाडाखाली उभी राहतात, पण घरातली थोरली बाई दाताखाली दाणा फोडत नाही तोवर शेंगेला कुणी हात लावायचा नाही. दाणा कट्‌ आवाज करून फुटला तर बी पिकलं. नुसता चेपला तर पोती गुंडाळून घरी. सासूबाई गेल्यापासून एकेचाळीस वर्षं हा मान माझा. शाळा दुसरीत सुटली, पण मी निवडलेलं बी उगवलं नाही असं कधी झालं नव्हतं. सत्तरीतही सगळे दात माझेच आहेत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता नाही सांगत.

नर्सरीच्या मागे डोंगर आहे. त्याचा खालचा अर्धा भाग सहा वर्षांपूर्वी तोडला आणि कागद कारखान्यासाठी तिथं सरळसोट झाडं लावली. चटकन वाढणारी, ओळीत उभी केलेली. त्यांच्याखाली गवताची काडी येत नाही. हरणांनी दोन वर्षं कळ काढली, मग आमच्या वाटाण्यात उतरली. रानडुकरं त्यांच्याही आधी आली होती. झऱ्याला बारा महिने पाणी असायचं, ते चारवर आलं. मुलगा कुंपण घालून घालून थकला. मी त्याला म्हणायचे, "कुंपण कसलं घालतोस, ताटं मांड. घरं मोडून आलेत बिचारे."

वरचा अर्धा डोंगर तेवढा शाबूत होता. जाड सालीची साठेक जुनी झाडं, आमचं सगळं बी त्यांचंच. एक दिवस जंगल खात्याचा साहेब आला. तरुण, बुटांना चिखल लागलेला, म्हणजे निदान चालून आलेला.

"मावशी, वरचा भागही साफ करायचा हुकूम आलाय," तो म्हणाला. "एकच वाट आहे. त्याच झाडांची दहा हजार रोपं पावसाआधी तयार दाखवा. मग जुनं जंगल वाढवतोय म्हणून मी तो भाग राखून ठेवू शकतो. नाहीतर पाऊस संपला की मशीन चढेल. ही रोपं तुमच्याशिवाय कुणाला जमत नाहीत म्हणतात."

"बरोबर म्हणतात," मी म्हटलं.

त्या वर्षी थंडी आली कधी, गेली कधी, कळलंच नाही. झाडांवर फूल असतानाच गरम वारा सुटला. शेंगा महिनाभर आधीच तपकिरी झाल्या. मी दाणा दाताखाली धरला. कट्‌.

"पाडा," मी म्हटलं.

सून खाली बसून शेंगा उलटसुलट करत होती. ती कमी बोलते. मला ते आधी शहाणपण वाटायचं, मग आढ्यता वाटायला लागलं.

"आई, यंदा पाखरांनी शेंगांना तोंड लावलेलं नाही," ती म्हणाली.

"आमंत्रण द्यायचं राहून गेलं असेल."

गडीमाणसं हसली. मलाही बरं वाटलं.

घरी आल्यावर तिनं बादलीत पाणी घेतलं आणि ओंजळभर दाणे टाकले. दहातले नऊ वर तरंगत राहिले. मग ब्लेडनं एक दाणा चिरून माझ्यासमोर धरला. आत गर कसला, नखाएवढी सुकलेली साल.

"उन्हानं कवच आधीच वाळलंय, आत दाणा भरलाच नाही. दाताला कवच कळतं आई, आतलं नाही कळत. कड्याखाली सावलीत आठ झाडं आहेत, त्यांच्या शेंगा अजून हिरव्या आहेत. तीन आठवडे थांबू. त्या पिकल्या की राखण ठेवून तेवढंच बी घेऊ."

सगळे बघत होते. मुलगा स्वतःच्या चपला बघत होता.

"माझे दात तुझ्या वयापेक्षा जुने आहेत," मी म्हटलं, आणि बादली अंगणात ओतली. "बियांना काय पोहायला शिकवायचंय?"

पुन्हा हसले सगळे. ती नाही हसली. ओले दाणे वेचून तिनं पोत्यात टाकले, मला उलट उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात तरी मी नीट ऐकते.

दहा हजार पिशव्या भरल्या. प्रत्येकीत दोन दाणे. वीस दिवस गेले, तीस गेले. रोज सकाळी मी झारी घेऊन वाफ्यांमधून फिरायचे आणि काळ्या पिशव्यांत काळी मातीच दिसायची. पस्तिसाव्या दिवशी मी कुणाला न सांगता कड्याखाली गेले. आठही झाडांच्या शेंगा पिकून गळून गेल्या होत्या. खाली नुसती टरफलं आणि खुरांचे ठसे. हरणं, डुकरं, सगळ्यांनी मिळून फडशा पाडला होता. त्यांना तरी डोंगरावर दुसरं काय उरलं होतं?

तीनशे चार रोपं उगवली. साहेबानं दोनदा मोजली.

"हवाच बदललीय साहेब," मुलगा म्हणाला. "यंदा कुणाचंच धड उगवलं नाही."

साहेब मान हलवत लिहायला लागला. सगळ्यांनी मिळून माझी चूक वाऱ्यावर ढकलून द्यायची ठरवली होती, आणि वारा काही बोलणार नव्हता. मला ते सोसलं नाही.

"हवा बदलली हे खरं," मी म्हटलं. "पण सुनेनं ते वेळेवर ओळखलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं. तेही लिहा."

"मावशी, ते लिहून काय होणार? कागदावर हवामान म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही."

"मग एक वर्षाची मुदत द्या. पुढचं बी ती निवडेल."

"मुदत माझ्या हातात असती तर मागायची वेळ आणली नसती." त्यानं पेन खिशाला लावलं.

एवढ्या थोड्या रोपांची नोंद होत नाही म्हणाला. सुनेनं ती बांधावर लावली. आठवड्याच्या आत हरणांनी शेंड्यापासून बुडापर्यंत खाल्ली.

पाऊस संपला आणि मशीन चढलं. माझ्या सासूच्या सासूनं पाहिलेली झाडं चार दिवसांत आडवी झाली. पाचव्या दिवशी शेडनेटच्या खांबावर एक घुबड भर उन्हात येऊन बसलं. मुलगा हाकलायला गेला, मी जाऊ दिलं नाही.

मग वरच्या उतारासाठी सरळसोट झाडांच्या रोपांची मागणी आली, आमच्याकडेच. पिशव्या भरलेल्याच होत्या. मुलगा हो म्हणाला. नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.

सून पाकिटातलं बी टोचत वाफ्याच्या कडेनं सरकत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"मनात ठेवू नकोस," मी म्हटलं. "चार शब्द सुनाव मला. मी ऐकून घेईन."

तिनं मान वर केली नाही. पुढच्या पिशवीत बोट खुपसलं.

"इकडची माती कोरडी आहे आई," ती म्हणाली. "पाइप ओढा जरा."

मी उठले आणि पाइप ओढून आणला.