एकविसावी गाठ

तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. काचेपलीकडची शेवटची गाठ काही बदलली नाही.

फळीवर दोराच्या एकवीस गाठी ओळीने ठोकलेल्या होत्या. वीस गाठींखाली पितळी पट्टीवर नाव होतं. एकविसावीखाली नुसती चिठ्ठी: ‘प्रकार अज्ञात.’

नवरा गेल्यावर जहाजावरून त्याची पेटी घरी आली, तेव्हा ही फळी तिच्यात कापडात शिवलेली होती. टाका न उसवताच तिने ती बंदरावरच्या या जहाजांच्या संग्रहालयाला देऊन टाकली. समुद्राचं समुद्राला. एकतीस वर्षांच्या संसारात तो घरी राहिला असेल जेमतेम सहा वर्षं, तेही पाहुण्यासारखा. पाणीसुद्धा विचारून घ्यायचा. आज ती आली होती ते त्या समुद्राचं, आपल्या सवतीचं, तोंड एकदा बघावं म्हणून.

आणि फळीवर तिचीच गाठ.

तो निघायचा त्या दिवशी पेटीला सुतळी तीच बांधायची. गाडी दारात उभी. तीन वेढे, आत एक उलटा, वरून आणखी एक. तो दर वेळी कपाळाला हात लावायचा.

“ही गाठ आहे की गुंता? तिकडे चाकूनं कापावी लागते मला.”

ती काचेला नाक टेकेपर्यंत वाकली. दोराची टोकं मेणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली. हे काम त्याचंच. आतला उलटा वेढाही जागच्या जागी होता. कापणाऱ्याला तो कधी दिसला नसता. त्यासाठी गाठ मांडीवर घेऊन सोडवत बसावं लागतं.

“काकू, काचेला हात नको,” दालन सांभाळणारी मुलगी जवळ आली. “त्या गाठीनं सगळ्यांना पिडलंय. कशी बांधलीय कळतच नाही. सोमवारी आमचे साहेब सोडवून बघणार आहेत.”

“सोडवू नका.”

“का हो?”

तिने इकडेतिकडे पाहिलं.

“सुतळी आहे का गं तुझ्याकडे?”

मुलीने तिकीटखिडकीतून पार्सलची सुतळी आणली. मुलीच्या हातून सुतळी घेऊन ती बाकावर बसली, आपली पिशवी मांडीवर घेतली आणि पेटीला बांधावी तशी तिला सुतळी आवळली. तीन वेढे, एक उलटा, वरून एक. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

मुलीने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा काचेकडे.

“अय्या, तीच की. पण काकू, जरा हळू बांधून दाखवा ना.”

“हळू कधी बांधलीच नाही गं. गाडी खोळंबलेली असायची.”

मग तिने चष्मा नाकावर नीट बसवला आणि नखाने पिशवीच्या गाठीचा वरचा वेढा सैल करायला घेतला.