गोळ्या वरच ठेवा

दिवसभर मी फोनवरून लोकांना कपडे धुण्याचं मशीन कसं चालवायचं ते सांगते. समोर माणूस नाही, मशीन नाही, तरी पाणी कुठून गळतंय ते मी बसल्या जागी ओळखते. त्यामुळे बाबांच्या पहिल्या विमानप्रवासाची तयारी माझ्या गळ्यात पडली तेव्हा वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

आई धाकटीच्या बाळंतपणाला परदेशी गेली होती आणि तिथेच तिच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. ऑपरेशन ठरलं, पण बाईसाहेब हटून बसल्या. "ह्यांचं तोंड बघितल्याशिवाय मी सही करणार नाही." डॉक्टर रोज सांगत होते, थांबू नका. माझा व्हिसा अडकलेला. म्हणजे बाबांना एकट्यालाच जाणं भाग होतं.

बाबांना डोक्याला मार लागल्यापासून फिट येते. गोळी वेळेवर गेली तर माणूस ठणठणीत, एक चुकली की जमिनीवर. "गोळ्या चुकवणार नसाल तर खुशाल उडा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाबांनी जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलं. नकाशात असेल तसाच लोखंडाचा तुकडा कापायचा, केसभरही इकडेतिकडे नाही. घरीही तेच. सांगाल तेवढं आणि सांगाल तसंच. आई त्यांना सांगकाम्या म्हणते आणि ते त्या हाकेलाही 'ओ' देतात.

मी जेवणाच्या टेबलावर विमानतळ मांडला. परात म्हणजे तपासणीचा ट्रे. बाबा पट्टा काढून परातीत ठेवत, किल्ल्या ठेवत, मग एका हाताने पँट धरून दारातून पलीकडे जात. मी पहारेकरी. "खिशात काय आहे?" असं दरडावलं की ते खरोखर घाबरून खिसे उलटे करत. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आईची आठवण आली की मात्र पुन्हा पहिल्यापासून तालीम.

सामान त्यांनी स्वतः भरलं. मी ओट्याशी होते. तिथूनच ओरडून सांगितलं, "बाबा, गोळ्या वरच ठेवा हं. खाली जाऊ देऊ नका."

"वरच ठेवतो," ते म्हणाले.

विमानतळावर सगळं तालमीसारखं झालं. मोठी बॅग पट्ट्यावरून आत सरकली, बाबांनी तिला मान हलवून निरोप दिला आणि तपासणी पार करून काचेपलीकडे दिसेनासे झाले. मला कोण अभिमान वाटला. मी फोन केला.

"बसलात का? आता ती गोळी घेऊन टाका."

"आत्ता कशी घेऊ?" ते म्हणाले. "ती बॅगेत आहे ना."

"कुठल्या बॅगेत?"

"मोठ्या. अगदी वर ठेवल्यात, कपड्यांच्याही वर. तू म्हणालीस तसंच केलं. बॅग उघडली की पहिल्यांदा गोळ्याच हाताला लागतील."

त्यांच्या आवाजात शाबासकीची वाट बघणं होतं. मला म्हणायचं होतं की वर म्हणजे जवळ, खांद्यावरच्या पिशवीत.

"आत औषधांचं दुकान आहे का बघा." ते बघून आले. डोकेदुखीची गोळी होती, पित्ताची होती.

मी विमान कंपनीच्या काउंटरकडे पळाले. तिथल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मीही रोज असंच शांतपणे ऐकते.

"बॅग काढता येईल," ती म्हणाली, "पण बॅग उतरली की माणूसही उतरतो. दोन्ही एकत्रच. पुढचं विमान परवाचं, त्यात जागा आहे की नाही ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"आणि नाही उतरले तर? विमानात गोळी मिळेल?"

"विमानातल्या लोकांना कळवून ठेवते. पण ही गोळी त्यांच्याकडे नसते. आणि बाहेरून आणून आत द्यायला आता वेळ नाही." तिने फोन उचलून हातात धरला. "उतरवू का? लवकर सांगा."

माझ्या एका कानाला बाबा होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तुझ्या आईला येतो म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "पण तू म्हणशील तसं."

मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाने माझं ऐकू नये. एकदा तरी स्वतःच्या मनाने काहीतरी करावं, माझ्यावर खेकसावं, फोन आपटावा. ते ऐकत राहिले. काउंटरवरची बाईही बघत राहिली.

"जा, बाबा," मी म्हटलं. बाईने फोन खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. आवाज एकदम हलका झाला. रांग लागली होती, मागून कुणीतरी त्यांना पुढे सरका म्हणत होतं. "आणि वर गेल्यावर फिट आली, तर मी काय करायचं? तेवढं सांगून ठेव."

फिट आलेल्या माणसाला स्वतःला काहीच करता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते फोन कानाला लावून थांबले होते.