अर्धी क्वार्टर

शनिवार उजाडला की खुशालरावांच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. एरवी चहासाठी तीन हाका मारायला लावणारा हा माणूस त्या दिवशी दूधवाल्याच्या आधी उठायचा, गालावरून वस्तरा दोनदा फिरवायचा आणि बायकोने, पार्बताबाईंनी, म्हणायच्या आत पिशवी उचलून भाजीला निघायचा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की खुशालराव शनिवारी घेतात. आणि हेही ठाऊक होतं, की ते अर्धीच घेतात.

अर्धी म्हणजे क्वार्टरची अर्धी. राहिलेली अर्धी नत्थुजींची. दोघंही एकाच डाळ मिलमध्ये नोकरीला होते. दिवसभर मिलमध्ये तुरीचे दोन सारखे भाग करायचे आणि शनिवारी संध्याकाळी नत्थुजींच्या गच्चीवर व्हिस्कीचे, असा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. मिल सुटली, पेन्शन लागली, नेम सुटला नाही. दोन ग्लास शेजारी ठेवायचे आणि डोळे बारीक करून खुशालरावांनी ओतायचं. एका ग्लासात थेंबभर जास्त पडलीच, तर तो ग्लास मोठ्या मनाने नत्थुजींकडे सरकवायचा. बाटली रिकामी झाली की विषय संपला, आपापल्या घरी जेवायला.

या अर्धीचा खुशालरावांना भारी अभिमान. लग्नाच्या मांडवात म्हणा, न्हाव्याच्या दुकानात म्हणा, पिण्याचा विषय निघाला की त्यांची खुर्ची आपोआप पुढे सरकायची. बीअर म्हणजे नुसतं पोट भरणं, ती अकोल्याच्या मे महिन्यात पोराटोरांनी घ्यावी. रम थंडीत, तीही सर्दी झाली असेल तर. वाइन त्यांनी भाच्याच्या रिसेप्शनला एकदा चाखली होती आणि ती त्यांना पोटदुखीच्या औषधासारखी लागली. संत्र्याच्या देशी दारूचं नाव काढलं की ते वरूडच्या सगळ्या बागायतदारांच्या वतीने चिडायचे, त्या गरीब फळाने यांचं काय घोडं मारलं होतं म्हणून. खरी गोष्ट एकच. व्हिस्की, साधं पाणी, मूठभर फुटाणे. "पेवाले अक्कल नाई लागत," असं ते शेवटी सांगायचे, "थांबाले लागते." ऐकणारे माना डोलवायचे आणि खुशालराव खुशीत घरी यायचे.

एक गोष्ट मात्र ते या भाषणात कधी घेत नसत. बावीस वर्षांपूर्वी ते अख्खी क्वार्टर घ्यायचे आणि ती संपली की पाय पुन्हा दुकानाकडे वळायचे. अशाच एका शनिवारी मुलीला, आचलला, ट्यूशनहून आणायचं ते साफ विसरले. चौथीतली पोरगी अंधार पडेपर्यंत मोर्णा नदीच्या पुलापाशी उभी होती. पार्बताबाईंनी त्या रात्री भांडण केलं नाही. सकाळी नवऱ्याकडून शब्द तेवढा घेतला. आजपासून अर्धी, आणि ज्या शनिवारी अर्धीच्या वर जाल त्या दिवसापासून कायमची बंद. त्याच आठवड्यात नत्थुजींनी गच्चीवर बोलावलं, भागीदारी जमली आणि शब्द पाळणं इतकं सोपं गेलं, की खुशालरावांना तो आपल्या मनोनिग्रहाचा पराक्रम वाटू लागला.

यंदा दिवाळी झाली आणि नत्थुजी अमरावतीला मुलाकडे राहायला गेले. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर जाणारी, नातू सांभाळायला घरात मोठं माणूस हवं होतं. निरोपाच्या वेळी खुशालरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शनिवारी फोनवर बसू. शनिवारी फोन केला तर नत्थुजी नातवाला घेऊन बागेत होते. तसंही फोनवर ग्लास भिडवता येतो, उरलेली अर्धी फोनमध्ये ओतता येत नाही.

खुशालरावांनी त्या संध्याकाळी वरच्या खोलीत बसून आपली अर्धी घेतली. बाटलीला बूच लावलं, ती कागदात गुंडाळून फळीवर ठेवली. पुढच्या शनिवारची सोय झाली म्हणून स्वतःला शाबासकीही दिली. मग पाणी प्यायला उठले. मग पंखा कमी करायला उठले. तिसऱ्यांदा कशाला उठले ते त्यांनी स्वतःला सांगितलं नाही, पण बाटली रिकामी झाली. अगदी सहज झाली, हेच त्यांना खुपलं. बाजारात नव्वद मिलीची छोटी बाटली मिळते हे काय त्यांना माहीत नव्हतं? माहीत होतं. पण ती संपल्यावर दुकान उघडंच असतं, हेही माहीत होतं.

आठवडाभर त्यांना चैन पडलं नाही. खरं सांगायचं तर शब्द मोडला होता, आणि शब्दाप्रमाणे शनिवार कायमचा गेला होता. पार्बताबाईंना सांगायची हिंमत नव्हती आणि शनिवार सोडायची तयारी नव्हती. गुरुवारी अंघोळ करताना त्यांना एकदम तोड सापडली आणि ते ओल्या अंगाने बाहेर आले. अमरावती काय लांब आहे? दर शनिवारी एसटीने जायचं, नत्थुजींबरोबर अर्धी-अर्धी करायची, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. झाला एक शनिवार चुकीचा, तो धरायचाच कशाला? नत्थुजी आहेत तोवर अर्धी आहे, आणि अर्धी आहे तोवर शब्द शाबूत आहे.

शनिवारी सकाळी हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा बस स्टँडवर हजर. तुरीच्या डाळीच्या पाकिटाखाली, टॉवेलात गुंडाळलेली क्वार्टर. ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकीटही अर्धं निघालं, तो त्यांनी शुभशकुन मानला. मूर्तिजापूरला शेजारच्या अनोळखी माणसाला स्वतःच्या पैशाने चहा पाजला, बडनेरा आल्यावर उगाचच ड्रायव्हरचं कौतुक केलं. पिशवी मांडीवरून एकदाही खाली ठेवली नाही.

नत्थुजींनी दार उघडलं आणि खुशालराव बघतच राहिले. पंधरा दिवसांतच माणूस उजळला होता. गालावर रंग आला होता, पोट आत गेलं होतं. सून आकांक्षाने वाकून नमस्कार केला, बाल्कनीत खुर्च्या टाकून दिल्या, चिवडा ठेवला आणि काका, निवांत बसा म्हणून ती आत गेली. खुशालरावांचा आनंद पोटात मावेना. ऊन अजून उतरलं नव्हतं, पण थांबायचं कशाला? त्यांनी दोन ग्लास मागून घेतले, डोळे बारीक केले, ओतलं. बरोब्बर. हात अजून पक्का होता. नत्थुजींपुढे ग्लास सरकवून त्यांनी आपला उचलला.

नत्थुजींनी मात्र आपला ग्लास उचलला नाही. ते म्हणाले, "खुशालराव, मले हे कधीच आवडलं नाई."

"मंग आधी सांगाचं ना," खुशालराव म्हणाले. "पुढच्या वेळी दुसरा ब्रँड आनतो."

"ब्रँड नाई. दारूच."

खुशालरावांना आधी ती थट्टा वाटली. मग नत्थुजी खाली मान घालून सांगू लागले. दर रविवारी दुपारपर्यंत त्यांची छाती जळायची, सोड्याचं पाणी पिऊन ते पडून राहायचे. बायको होती तोवर ती चिडायची, गेल्यावर चिडणारंही कुणी उरलं नाही. अमरावतीला आल्यापासून एक थेंब घेतला नव्हता आणि रविवारी नातवाला सायकलवर फिरवत होते.

"मंग बावीस वर्सं काहून पेले तुमी?" खुशालरावांचा आवाज चढला होता.

"आचल पुलापाशी उभी राह्यली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आल्ती माह्या घरी. म्हणे, भाऊजी, यायले दारू बंद करा म्हटलं तं ते करनार नाईत. पन अर्धी तुमी पेत जा." मग हळूच म्हणाले, "तुमी कधी थांबले नाई, खुशालराव. बाटली सरत होती."

खुशालरावांना राग आला. बायकोचा आला, मित्राचा आला, न्हाव्याच्या दुकानातल्या त्या डोलणाऱ्या सगळ्या मानांचाही आला. त्यांनी आपला ग्लास एका घोटात रिकामा केला. असं ते कधी करत नसत. चव लागली नाही. आणि समोर नत्थुजींचा ग्लास भरलेला, तस्साच. हा बी घ्या नाही तं राहू द्या, मी काही म्हणत नाही, असं सांगून नत्थुजी नातवाला झोपेतून उठवायला आत गेले.

बाल्कनीत खुशालराव आणि तो ग्लास, दोघंच उरले. त्यांना तो हवा होता. नुसता हवा नव्हता, हात आपला आपण पुढे निघाला होता. लाज वाटत होती, तरी हवा होता. याच ग्लासात दुसऱ्या माणसाची छाती बावीस वर्षं जळाली हे आत्ताच ऐकलं होतं, तरी हवा होता. असं कसं, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्यानेच ते घाबरून उठले. ग्लास हातात धरून, श्वास रोखून, थेट स्वयंपाकघरात गेले आणि आकांक्षाला म्हणाले, "बेसिन कुठं आहे, बेटा?"

काकांना उलटी होतेय असं समजून ती बिचारी लगबगीने बाजूला झाली. खुशालरावांनी ग्लास उपडा केला. नळ सोडला. व्हिस्की गेली.

मग मात्र त्यांना असं काही स्फुरण चढलं, की विचारू नका. त्यांनी आकांक्षाला सांगितलं, नत्थुजींना सांगितलं, डोळे चोळत आलेल्या चार वर्षांच्या नातवालाही सांगितलं, की मी अर्धी टाकून दिली. नत्थुजींचे दोन्ही हात धरले, डाळीचं पाकीट त्यांच्या हातात कोंबलं आणि जिने उतरले. परतीच्या गाडीत हा गृहस्थ खिडकीतून कपाशीच्या शेतांकडे बघून एकटाच हसत होता. त्या एका ग्लासाने इतकं चढत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पार्बतेला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे सांगायचं तर मागचा शनिवारही सांगावा लागेल. हसू थोडं कमी झालं, पण सांगायची उबळ काही कमी झाली नाही.

पार्बताबाई भाकरी थापत होत्या. खुशालरावांनी चपला काढता काढता, दम न घेता सगळं सांगून टाकलं. मागच्या शनिवारची पूर्ण क्वार्टर, आजची अर्धी, नत्थुजी काय बोलले ते, बेसिन. पार्बताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मागच्या शनवारचं मालूम होतं मले," त्या म्हणाल्या. "तुमी मले तीनदा इचारलं, जेवली का म्हणून."

मग त्यांनी हात पुसले, फोन घेतला आणि नत्थुजींना लावला. "भाऊजी, यायनं ग्लास ओतून देल्ला म्हणतात. खरं आहे?" पलीकडचं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मंग सुटले तुमी, भाऊजी. मी बी सुटली."

खुशालराव अजून दारातच उभे होते. ते म्हणाले, शब्द तर मोडला आहे. मग आता काय, बंद? त्यांना वाटलं होतं की बायको रागावेल, नाहीतर माफ करेल. दोन्हीची त्यांना सवय होती.

"मले नोका इचारू," पार्बताबाई म्हणाल्या. "तो शब्द मीच तुमच्याकडून घेतलता, आन तो पाळला बी मीच. आता बंद करा, अर्धी घ्या, नाई तं पुरी घ्या. मी नाई मोजत आता."

त्यांनी ताट वाढलं आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. खुशालराव पाटावर बसले. पुढच्या शनिवारला नत्थुजी नव्हते, पार्बता नव्हती, नुसते खुशालराव होते. मांडवात आणि न्हाव्याकडे हजार जणांना सांगितलेली ती थांबायची अक्कल आता त्यांना स्वतःला चालवायची होती. भीती होतीच, आणि तरी आज एक ग्लास आपण स्वतः ओतून दिला या आनंदात त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कोरडाच तोंडात टाकला.