खालचा ओठ आत

पिटूच्या आईने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. शाळेच्या बँडमध्ये पोरगी जाणार ती क्लॅरिनेट घेऊनच. क्लॅरिनेट घरात होतं, तिचं स्वतःचं. पिटूच्या जन्माआधी ते कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. ते पुन्हा वाजावं असं तिला फार वाटे. ते आपणच वाजवावं, हे मात्र तिला एकदाही सुचलं नव्हतं. माणसं डोक्यावर सारलेला चष्मा घरभर शोधतात, त्यातलाच प्रकार. आणि ही बाई तर चष्म्याच्याच दुकानात कामाला होती.

दुकानात तिचा एक नियम होता. लेकरासाठी फ्रेम निवडायला आलेल्या आयांना ती गोड हसून आरशापासून बाजूला करी. "ज्याच्या नाकावर बसायचा, त्याला बघू द्या," म्हणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरी मात्र क्लॅरिनेट फळीवरून खाली काढून रोज संध्याकाळी पिटूची शिकवणी चाले. "खालचा ओठ आत. दातांवर दुमड. गाल फुगवू नकोस." निवडीच्या दिवशी पोरीची फजिती होऊ नये, एवढंच, असं ती नवऱ्याला सांगे. नवरा कानात कापूस घालून "बरं" म्हणे.

निवडीच्या दिवशी बँडच्या खोलीत साबणाच्या पाण्याची बादली होती आणि टेबलावर धुतलेले माउथपीस मांडले होते. बँडमास्तर मुलांना आवड आधी विचारत नसत. सगळी वाद्यं फुंकायला लावत, ओठ बघत, आणि मग विचारत.

पिटूने फ्लूट फुंकली. फुस्स. ट्रम्पेट, फुस्स. ट्रॉम्बोनचीही तीच गत. मास्तरांनी वाकून पाहिलं, तर पोरीचा खालचा ओठ कुठे दिसेच ना. मग त्यांनी क्लॅरिनेट दिलं, आणि सूर असा सरळ आला की दाराशी उभ्या आईचा ऊर भरून आला.

मास्तर काही खूश दिसेनात. "ताई, घरी कोण वाजवतं?"

"मी. म्हणजे, वाजवायचे पूर्वी."

"वाटलंच. अहो, नवख्याचं क्लॅरिनेट पहिल्या दिवशी बदकासारखं ओरडतं. ही पेपर फोडून आलीये!"

आई कानापर्यंत लाल झाली.

"पितळी वाद्यात ओठ आत घेतला की नुसती हवा जाते," मास्तर पिटूला म्हणाले. "तिथे ओठ मिटून थरथरवायचे. लहान बाळं तोंडात घास असताना करतात ना, तसं फुर्र कर बघू."

पिटूने आईकडे पाहिलं. घरात फुर्र करायला बंदी होती, त्यापायी तिने लहानपणी धपाटे खाल्ले होते.

"कर," आई म्हणाली.

मास्तरांनी तिच्या मांडीवर युफोनियम ठेवलं. दिसायला ट्यूबाचा, म्हणजे बँडमधल्या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याचा, धाकटा भाऊ, पण पिटुकली पिटू त्याच्यामागे जवळजवळ नाहीशीच झाली. मग आतून एक जाड, गोल सूर निघाला आणि खिडकीची काच झणझणली. मागोमाग पिटूचं हसू ऐकू आलं. क्लॅरिनेट वाजवताना ही कधीच हसली नाही, हे आईच्या तेव्हा लक्षात आलं.

"मग? कोणतं घेणार?" मास्तरांनी विचारलं.

पिटूचं हसू मावळलं. तिने पुन्हा आईच्या तोंडाकडे पाहिलं. "क्लॅरिनेट."

हाच शब्द ऐकायला आईचा जीव आसुसला होता, आणि आता तोच तिला लागला. दुकानात एखादं पोर आरशाऐवजी आईकडे बघून "हीच" म्हणालं, की ती फ्रेम परत काढून घेई. असले चष्मे पुढे दप्तरातच राहतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथे आरसा नव्हता, आणि बाजूला व्हायचं होतं ते तिनेच.

"मी बाहेर थांबते," ती म्हणाली. "मास्तर, तिला पुन्हा विचारा."

बाहेर ती भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ आतून काही ऐकू येईना. मग काच झणझणली. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आणि हायसंही वाटलं.

संध्याकाळी युफोनियमची पेटी दारातून आत आली आणि तिच्यामागून पिटू. नवरा मुकाट्याने आणखी कापूस शोधायला गेला. पिटूने टेबलावरचं क्लॅरिनेट उचलून आईपुढे धरलं.

"मास्तर म्हणाले, माझे सूर खालचे. वरचे वाजवायला कुणीतरी लागतं."

"मला कुठलं जमतंय आता!"

"घे ना गं."

आईने घेतलं, लेकीवर नजर ठेवून फुंकलं, आणि बदकालाही लाज वाटावी असा आवाज निघाला. पिटू हसली नाही. पुढे सरकून तिने आईची हनुवटी धरली आणि हलकेच पलीकडे वळवली.

"खालचा ओठ आत, आई. आणि माझ्याकडे बघू नकोस."