न पाहिलेले डोळे

मामाने बाळाची पापणी मोठी केली, आणखी मोठी केली, इतकी की स्क्रीनवर बाळ उरलंच नाही. नुसता एक गुलाबी उतार आणि त्याच्या काठाला चिकटलेले पापणीचे चार-दोन केस. मग खुर्ची मागे ढकलून तो काउंटरपलीकडच्या बाईला म्हणाला, "डोळे उघडून देऊ. फक्त रंग कसा होता तेवढं सांगा."

तिच्याकडे बाळाचा हा एकच फोटो होता, हॉस्पिटलातल्या नर्सने फोनवर काढलेला, कोपऱ्यात नर्सच्या बोटाची सावली आलेला.

"मी बघितलेच नाहीत," ती म्हणाली. "मी शुद्धीवर नव्हते. एकदा उघडले होते, असं नर्स म्हणाली. मी जागी झाले तोवर..." वाक्य तिने तिथेच सोडलं आणि पर्सची चेन नीट लागली आहे का ते पाहिलं.

मागच्या टेबलावर भाची पासपोर्ट फोटो कापत होती. तिचा हात थांबला.

सुट्टीभर ती मामाच्या स्टुडिओत बसायची. म्हणजे तिला बसवलं होतं. शाळा संपली होती आणि तिला चित्रकला शिकायची होती, रंगात कोपरापर्यंत हात बुडवून. आईचं म्हणणं, ग्राफिक डिझाइन. तेही नाइलाजाने, मुलगी दुसऱ्या कशालाच बधेना म्हणून. घरात यावर इतकी घासाघीस झाली होती की धाकट्या बहिणीला दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या आणि जेवताना ती एकटीच दोघींचं भांडण करून दाखवायची. शेवटी आईने भावाला गाठलं. महिनाभर तुझ्याकडे ठेव, म्हणाली, आणि डोक्यातलं खूळ काढ.

मामाने ते काम आवडीने अंगावर घेतलं. तो तिला चित्रकारीणबाई म्हणायचा, कप विसळायला लावायचा आणि गिऱ्हाइकांशी ओळख करून द्यायचा: ही आमची भाची, उपाशी मरायचा कोर्स करणार आहे. गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची, कारण न हसणं जास्त महागात पडायचं.

मिटलेले डोळे उघडणं हे स्टुडिओचं नेहमीचं काम होतं. माणसं फोटोत डोळे मिटतात, आणि काहींचा दुसरा फोटो काढता येत नाही. मामाच्या संगणकावर 'डोळे' नावाचं एक फोल्डर होतं: म्हाताऱ्यांचे, बायकांचे, चष्म्यामागचे. बाळांचे मात्र एकच होते, कुठल्याशा पावडरच्या जुन्या जाहिरातीतून उचललेले, गोल, चकचकीत, दोन्हीत उजेडाची एकेक पांढरी खिडकी. येईल त्या बाळाला तेच लागायचे.

"मामा, हे मी काढू?" भाची उठून आली. "हाताने. मग स्कॅन करून लावू."

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर मासा गळाला लागल्याचं समाधान पसरलं. "काढ की. पण मग पैज लावू. यांना तुझे पटले, तर तू चित्रकलेला जा, अक्काला मी समजावतो. नाही पटले, तर तुझी आई म्हणते ते. मंजूर?"

बाई समोरच होती. तिला यातलं काही कळलं नाही, किंवा कळूनही तिने मनावर घेतलं नाही.

"मंजूर," भाची म्हणाली.

तिने बाईला पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलं. मुलं आईवर जातात, तिने मनाशी जुळवलं होतं. बाई ताठ बसली. कित्येक दिवसांत कुणी आपल्याकडे इतका वेळ पाहिलं नसावं, तशी सुरुवातीला अवघडून आणि मग हळूहळू सैल पडत. कपाळावरची बट मागे सारू का, असं तिने विचारलं. घरी सगळे आता भिंतीकडे बघून बोलतात, असंही मध्येच सांगून टाकलं. भाची हूं हूं करत होती. तिला दिसत होता डावा डोळा, उजव्यापेक्षा किंचित लहान, आणि बाहेरच्या कडेला दोघांनाही आलेला उतार, जणू कुणी हलकेच खाली ओढून धरलंय.

ते डोळे तिने जलरंगात केले, चार कागद फाडून पाचव्यावर. तपकिरीत थोडा हिरवा मिसळला. पापणीचा केस न् केस काढला. काढताना स्वतःशीच गुणगुणत होती, हे मामाने आईला फोनवर सांगितलं आणि दोघं भाऊबहीण हसली.

बाई परत आली त्या दिवशी मामाने मुद्दाम स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि स्वतः बाजूला हात बांधून उभा राहिला. बाळ डोळे उघडून पाहत होतं.

बाई वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"हे माझे डोळे आहेत," ती म्हणाली.

"हो," भाचीचा चेहरा उजळला.

"मला माझे नकोत." तिचा आवाज मऊ होता, लहान मुलाच्या हातातून काही काढून घेताना असतो तसा. "याने काहीच बघितलेलं नाही ना. आणि याला सगळं माहीत असल्यासारखं दिसतंय. नको, बाई. काढा हे."

मामाने हात सोडले, खुर्चीत बसला, फोल्डर उघडलं. जाहिरातीतले डोळे जागेवर बसले, थोडे फिरवले, कडा पुसट केल्या. कप विसळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"हाच," बाई म्हणाली. "हाच माझा." आणि तिने स्क्रीनवर बाळाच्या गालाला बोट लावलं. ती हसत होती. एक मोठी प्रिंट तिने लगेच नेली. नातलगांना द्यायच्या छोट्या प्रतींसाठी नंतर येते, म्हणाली.

ती गेल्यावर मामाने कपड्याने स्क्रीन पुसली. "काय चित्रकारीणबाई? पावडरवाला जिंकला." मग त्याच्यापरीने समजुतीच्या स्वरात म्हणाला, "माणसाला जे दिसतं ते नको असतं गं. जे हवं तेच दिसायला हवं असतं. हे शिकलीस की तू पोटापुरती तयार झालीस."

आई संध्याकाळी आली ती हसतच, आणि पैजेचा विषय न काढता तिने फक्त मुलीच्या केसांवरून हात फिरवला. तो हात भाचीला दगडासारखा वाटला. सोमवारी डिझाइनच्या कॉलेजात जाऊन जागा पक्की करायची ठरली. त्यानंतर भाची निमूटपणे मामाशेजारी बसून माऊस चालवायला शिकली. शिकलीही झटपट. लोकांच्या सुरकुत्या उतरवल्या, हनुवट्या आवळल्या. तिचे स्कॅन केलेले डोळे मामाने फोल्डरमध्ये टाकले होते. केलेलं काम वाया कशाला घालवायचं, म्हणाला.

आणि खरंच वाया गेलं नाही. एक माणूस त्याच्या वर्षाच्या मुलाचा फोटो घेऊन आला. आजीच्या मांडीवर छान बसलेला पोरगा, पण नेमका क्लिकच्या क्षणी शिंकलेला. पावडरवाले डोळे त्या कोनाला बसेनात. मामाने भाचीने रंगवलेले लावून पाहिले. बापाने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाला की दारावरच्या भिंतीएवढी मोठी प्रिंट करा.

त्या पोराच्या फोटोची फ्रेम काउंटरला टेकून उभी होती, तेव्हा बाई छोट्या प्रती न्यायला आली.

मामा आतल्या खोलीत होता. भाचीने पाकीट काढून दिलं. बाईने ते घेतलं, पण उघडलं नाही. ती फ्रेमकडे पाहत होती.

"हा आहे?" 'जिवंत' हा शब्द टाळून तिने विचारलं.

"आहे. फोटोत शिंकला होता, म्हणून डोळे मिटले गेले."

"म्हणजे हे तुम्ही लावलेत."

"हो."

बाई खाली बसली, मुलांशी बोलताना बसतात तशी, टाचांवर. गुबगुबीत गालांवर, फुटणाऱ्या हसण्याच्या वर ते डोळे काही वेगळेच दिसत होते. तिला ओळखू आले नाहीत. भाचीला ते कळलं आणि तिचे कान तापले.

"किती खरे आहेत," बाई म्हणाली. "बघतोय. माझा नुसता डोळे उघडे ठेवून असतो." तिने मान वर केली. तक्रार नव्हती त्यात, भाजीवाल्याला सहज विचारावं तसं तिने विचारलं, "माझ्या बाळाला असे का नाही लावलेत?"

आतून मामा खाकरला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता आणि भाचीला तो समजला. मामांना विचारते, असं म्हणता आलं असतं. प्रत्येकाचे वेगळे असतात, असंही. बाई हो म्हणाली असती आणि पाकीट घेऊन घरी गेली असती.

"लावले होते," भाची म्हणाली. "हेच. तुमचेच डोळे आहेत ते. तुम्हीच नको म्हणालात."

बाईने फ्रेमकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, पुन्हा फ्रेमकडे. मग तिच्या खालच्या पापण्या सावकाश वर चढल्या, प्रखर उजेड आला की चढतात तशा. डावी थोडी मागे राहिली आणि नंतर तीही चढली. तासभर समोर बसवूनही भाचीला हे दिसलं नव्हतं.

मामा पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. अहो ताई, पोरीचं काय ऐकता, तिला काही कळत नाही, तुम्ही उठा बघू आधी, असं सगळं एका दमात बोलला आणि भाचीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "माफी माग."

भाचीने ऐकलं असावं. तिने प्रिंटरवरचा एक कोरा कागद ओढून घेतला होता आणि तिची पेन्सिल आधीच चालू झाली होती.

"ताई, एक मिनिट," ती हळूच म्हणाली. "हलू नका."